एमएसमधली आनुवंशिक जोखीम शोधताना: रुग्णनिवडीपासून निष्कर्षापर्यंतचा क्रम

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार. त्याच्या जनुकीय अभ्यासातल्या चुका बहुतेक वेळा सांख्यिकीत नसतातच. रुग्ण निवडताना, डीएनएची सॅम्पल खणांच्या प्लेटमध्ये भरताना, फाइली जोडताना त्या होऊन गेलेल्या असतात, आणि शेवटच्या आलेखावर त्याच सिग्नल, म्हणजे आजाराशी जोडलेली जनुकीय जागा, म्हणून मिरवतात. छोट्या गटांच्या डेटासेटमध्ये तेच ते प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हा लेख. केस-कंट्रोल पद्धतीने (रुग्ण आणि आजार नसलेले लोक, म्हणजे कंट्रोल, यांची तुलना करून) काम करू पाहणारे निवासी डॉक्टर, पीएचडीचे विद्यार्थी आणि डेटा हाताळणारे यांच्यासाठी तो आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. यातल्या बऱ्याच गोष्टी मागाहून दुरुस्त होत नाहीत.

## टप्पा १: प्रश्न एकच ठेवा आणि लिहून काढा

एमएस होण्याची जोखीम आणि झालेला एमएस किती वेगाने वाढतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय एमएस जेनेटिक्स कन्सॉर्शियमने ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ कंट्रोल यांच्या अभ्यासातून जोखमीशी जोडलेले २३३ स्वतंत्र सिग्नल मांडले. त्यांचा रोख मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींकडे आहे. २०२३ मध्ये १२,५८४ रुग्णांत आजाराच्या तीव्रतेचा शोध घेतला, तेव्हा ठळक सिग्नल आला तो डीवायएसएफ आणि झेडएनएफ६३८ या जनुकांच्या परिसरात. म्हणून जोखमीची यादी घेऊन रुग्णाचा पुढचा प्रवास सांगायला जाऊ नका, आणि एकाच अभ्यासात दोन्ही उरकायचा मोह टाळा.

कुटुंबात दोन-तीन रुग्ण दिसले की एखादं जनुक बिघडलेलं असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण एमएस तसा वागत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण चारात एक आहे. सख्ख्या भावंडांत ते शेकडा दोन ते चारच्या आसपास. २००५ मध्ये एकाहून जास्त रुग्ण असलेल्या ७३० कुटुंबांत लिंकेज, म्हणजे गुणसूत्राचा कोणता भाग आजारासोबत घराण्यात उतरतो ते, तपासलं गेलं, तेव्हा सहाव्या गुणसूत्रावरच्या एमएचसी भागाशिवाय (रोगप्रतिकारशक्तीची एचएलए जनुकं जिथे आहेत तो) ठाम असं काहीच हाती लागलं नाही. जोखीम शेकडो व्हेरियंटांत, म्हणजे डीएनएमधल्या छोट्या फरकांत, थोडी थोडी वाटली गेलेली आहे. ती शोधायची तर एकमेकांच्या नात्यात नसलेले पुष्कळ रुग्ण आणि पुष्कळ कंट्रोल लागतात.

## टप्पा २: किती सॅम्पल लागतील ते आधी मोजा

जीनोमभर शोधाला मान्य असलेली मर्यादा म्हणजे पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता) ०.०००००००५ पेक्षा कमी. या मर्यादेवर ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा परिणाम पकडण्याची शक्यता, हवी आणि रुग्ण व कंट्रोल समसमान आहेत, असं धरून हिशेब केला तर चित्र असं दिसतं:

- अलीलची (व्हेरियंटच्या एका रूपाची) वारंवारता १० टक्के आणि ऑड्स रेशो (ते रूप असल्याने आजाराची शक्यता ढोबळमानाने किती पट होते) ३ असेल, तर साडेतीनशेच्या आसपास रुग्ण पुरतात.
- वारंवारता ३० टक्के आणि ऑड्स रेशो १.२ असेल, तर साधारण ५,७०० रुग्ण लागतात.
- वारंवारता तीच आणि ऑड्स रेशो १.१ असेल, तर २०,००० हून जास्त.

पहिली ओळ एचएलए-डीआरबी१*१५:०१ सारख्या अलीलची आहे. एमएचसीबाहेरचे बहुतेक ज्ञात व्हेरियंट दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बसतात. त्यामुळे पाचशे रुग्ण जमवून 'नवं जनुक' शोधायला निघू नका. त्या संख्येत एचएलएचा अभ्यास उत्तम होतो. ज्ञात व्हेरियंट तुमच्या लोकसंख्येत त्याच दिशेने झुकतात का, हेही पाहता येतं. आणि मोठ्या एकत्रित अभ्यासाला चोख डेटा देता येतो. ही तिन्ही कामं मोलाची आहेत.

## टप्पा ३: रुग्ण खरोखर एमएसचेच आहेत का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

प्रत्येक रुग्णाचं निदान मॅकडोनाल्ड निकषांच्या (एमएसच्या निदानाच्या प्रमाण नियमांच्या) कोणत्या आवृत्तीनुसार झालं, ते नोंदवा. २०१० आणि २०१७ च्या निकषांत फरक आहे; २०१७ मध्ये पाठीच्या पाण्यातल्या ऑलिगोक्लोनल बँडना (अँटिबॉडींच्या ठरावीक पट्ट्यांना) जास्त वजन मिळालं, आणि त्यानंतरही निकष सुधारले गेले. जुन्या रजिस्टरमधली नुसती 'एमएस' ही नोंद पुरेशी नाही.

न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आणि एमओजी अँटिबॉडीचा आजार हे एमएससारखे दिसणारे पण निराळे आजार वेगळे काढा. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका ओळखू देणारी, एक्वापोरिन-४ विरुद्धची अँटिबॉडी २००४ मध्ये समोर आली. त्याआधी निदान झालेल्या, डोळ्याची नस आणि मज्जारज्जू एवढ्यावरच हल्ला झालेल्या रुग्णांत असे बरेच जण असू शकतात. विशेषतः आशियाई वंशाच्या रुग्णांची जुनी यादी हाताशी असेल, तर ती पुन्हा चाळल्याशिवाय वापरू नका. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्ये एचएलए-डीआरबी१*०३:०१ पुढे येतो. असे रुग्ण मिसळले तर तो अलील तुमच्या 'एमएस'च्या निकालात शिरेल आणि तुम्ही त्यावर परिच्छेद लिहाल.

नुकसान किती होतं? रुग्णांपैकी १० टक्के चुकीचे असतील, तर मोजलेला परिणाम साधारण दहाव्या भागाने बोथट होतो, आणि तीच पॉवर मिळवायला जवळजवळ पाव पट सॅम्पल जास्त लागतात. दोनशे केसपेपर पुन्हा वाचणं हे शेकडो नवी सॅम्पल गोळा करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

याच वेळी फॉर्ममध्ये पहिल्या लक्षणाचं वय, लिंग, आजी-आजोबांपर्यंतचं मूळ, आणि आजार सुरू होण्याआधीची धूम्रपानाची सवय विचारून घ्या. 'आधीची' हा शब्द फॉर्ममध्ये छापूनच ठेवा. निदान झाल्यावर बरेच जण सिगारेट सोडतात. आजची सवय विचारली तर उत्तर निरुपयोगी ठरतं.

तपासणी: सहभागींच्या यादीतले वीस केसपेपर कसेही उचला आणि दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टला निदान न सांगता वाचायला द्या. दोनाहून जास्त ठिकाणी मतभेद झाला, तर पूर्ण यादी पुन्हा तपासा.

## टप्पा ४: कंट्रोल आणि प्लेट

एमएस सहसा हजारात दोन-तीन जणांपेक्षा जास्त आढळत नाही, त्यामुळे प्रत्येक कंट्रोलचा एमआरआय काढायची गरज नाही. सर्वसाधारण लोकसंख्येतले कंट्रोल चालतात. गरज आहे ती रुग्णांशी वंशपार्श्वभूमी जुळण्याची. रुग्ण एका प्रदेशातले आणि कंट्रोल दुसऱ्याच प्रदेशातले असतील, तर तुम्ही प्रदेशांमधला फरक मोजाल. रुग्णांची भावंडं कंट्रोल म्हणून घ्यायची असतील, तर कुटुंबावर आधारित वेगळी पद्धत लागते. त्यांना साध्या कंट्रोलच्या रांगेत बसवू नका.

आता प्लेट. रुग्ण आधी गोळा झाले म्हणून पहिल्या प्लेटांवर रुग्ण आणि नंतरच्या प्लेटांवर कंट्रोल, ही मांडणी अभ्यास संपवते. रसायनाची बॅच, मशीनचा दिवस, डीएनए काढणारी व्यक्ती, यांतला प्रत्येक फरक मग आजारासारखा दिसतो आणि कोणतंही सॉफ्टवेअर तो सोडवू शकत नाही. प्रत्येक प्लेटवर रुग्ण आणि कंट्रोल सरमिसळ करून ठेवा. प्रत्येक प्लेटवर एक ओळखीचं सॅम्पल आणि एक दुबार सॅम्पल ठेवा. काहींचं रक्त आणि काहींची लाळ असेल, तर तेही दोन्ही गटांत सारखं वाटलं गेलं पाहिजे.

इशारा: तयार कंट्रोल डेटा दुसऱ्या चिपवरचा (व्हेरियंट वाचणाऱ्या वेगळ्या पट्टीवरचा) असेल, तर तो 'फुकट मिळाला' असं समजू नका. रुग्ण आणि कंट्रोल वेगवेगळ्या चिपवर असणं ही वरचीच चूक आहे, मोठ्या प्रमाणावर. नाइलाज असेल तर दोन्ही चिपवर असलेले समान व्हेरियंटच पुढे न्या.

## टप्पा ५: डेटाची सफाई, याच क्रमाने

प्लिंक या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या चाळण्या एकाच कमांडमध्ये लावता येतात, आणि तिथेच घोटाळा होतो. क्रम असा ठेवा:

१. अगदी वाईट व्हेरियंट आधी काढा (५ टक्क्यांहून जास्त सॅम्पलमध्ये वाचता न आलेले). माणसं आधी काढलीत, तर खराब व्हेरियंटांपायी चांगली माणसं जातात.

२. मग सॅम्पल तपासा: २ टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या, हेटरोझायगोसिटी (आई-वडिलांकडून वेगवेगळी रूपं आलेल्या जागांचं प्रमाण) फार जास्त किंवा फार कमी. फार जास्त असेल तर दोन सॅम्पल मिसळल्याचा संशय घ्या.

३. लिंग जुळतं का ते एक्स गुणसूत्रावरून पाहा.

४. नात्यातल्या जोड्या शोधा. दुसऱ्या दर्जापर्यंतचं नातं (काका-पुतण्या किंवा आजी-नातू इतपत जवळचं) निघालं, तर एक जण वगळा. जोडीत रुग्ण आणि कंट्रोल असतील तर कंट्रोल वगळा. सेज किंवा रेजेनीसारखी, नात्याचा हिशेब धरणारी मिश्र मॉडेलं वापरणार असाल तर नातेवाईक ठेवता येतात.

५. आता व्हेरियंटांची कडक चाळणी: २ टक्क्यांहून जास्त रिकामे, रुग्ण आणि कंट्रोल यांच्यात रिकामेपणाचं प्रमाण वेगळं असलेले, आणि हार्डी-वाइनबर्ग समतोलातून (अलीलच्या वारंवारतेवरून अपेक्षित असलेल्या जोड्यांच्या प्रमाणातून) फार ढळलेले (पी-मूल्य ०.०००००१ पेक्षा कमी). समतोलाची चाचणी फक्त कंट्रोलमध्ये करा. रुग्णांत ती लावलीत, तर एचएलएसारखा खरा, जोरदार परिणामही कचऱ्यात जाऊ शकतो.

तिसऱ्या पायरीवर थोडं थांबू. समजा, एका ९६ खणांच्या प्लेटवर लिंग न जुळणारी बरीच सॅम्पल सापडली. पटकन सुचणारा उपाय म्हणजे फाइलमध्ये लिंगाचा कॉलम बदलणं. तो करू नका. आधी खणांचे क्रमांक पाहा. ए१ मध्ये जे हवं होतं ते एच१२ मध्ये, ए२ मधलं एच११ मध्ये, असं दिसत असेल तर प्लेट उलटी फिरवून बसवली गेली आहे, आणि लिंग जुळलेली सॅम्पलसुद्धा चुकीच्या माणसाची आहेत. कॉलम बदलून तुम्ही पुरावा पुसता आणि चूक आत ठेवता. दुबार आणि ओळखीची सॅम्पल ठेवायची ती यासाठीच: प्लेट खरंच फिरली की नाही, ते त्यांच्यावरून ठरतं.

तपासणी: प्रत्येक पायरीला किती सॅम्पल आणि किती व्हेरियंट गेले, त्याचा तक्ता ठेवा. रुग्ण ८ टक्के गेले आणि कंट्रोल १ टक्का, असं दिसलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: वंशपार्श्वभूमीचं समायोजन

प्रिन्सिपल कंपोनंट, म्हणजे माणसांमधला वंशफरक दाखवणारे आकडे, काढून ते मॉडेलमध्ये घालायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. एमएसच्या अभ्यासात निसटते ती गोष्ट अशी: कंपोनंट काढण्याआधी एमएचसी भाग वगळा. तिथे व्हेरियंट लांबवर एकमेकांना बांधलेले असतात. तो ठेवलात तर एखादा कंपोनंट लोकसंख्येऐवजी एचएलएचे प्रकार दाखवू लागतो, आणि तोच तुम्ही समायोजनासाठी वापरला की तुमचा सगळ्यात मोठा खरा सिग्नल तुम्हीच खाऊन टाकता. आठव्या आणि सतराव्या गुणसूत्रावरचे उलट फिरलेले लांब भागही वगळा, आणि बाकीचे व्हेरियंट विरळ करून घ्या.

कंपोनंटच्या आलेखावर रुग्ण आणि कंट्रोल दोन वेगळ्या पुंजक्यांत बसले असतील, तर समायोजनाने ते वाचत नाही. टप्पा ४ कडे परत जा.

## टप्पा ७: इम्प्युटेशन

इम्प्युटेशन म्हणजे न वाचलेले व्हेरियंट संदर्भ पॅनेलवरून, म्हणजे आधी वाचलेल्या जीनोमच्या संचावरून, अंदाजाने भरणं. आधी जीनोमची आवृत्ती जुळवा. जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ यांची सरमिसळ हा नेहमीचा अपघात. ए-टी आणि सी-जी जोडीचे, वारंवारता ५० टक्क्यांजवळ असलेले व्हेरियंट काढून टाका, कारण ते कोणत्या धाग्यावर वाचले हे कळत नाही. तुमची वारंवारता आणि संदर्भ पॅनेलची वारंवारता यांचा आलेख काढा. उलट्या कर्णावर ठिपके दिसले तर धागा पलटलेला आहे. रुग्ण आणि कंट्रोल एकत्रच इम्प्युट करा, वेगवेगळे कधीच नाही.

## टप्पा ८: असोसिएशन

प्रत्येक व्हेरियंटसाठी लॉजिस्टिक रिग्रेशन, सोबत कंपोनंट आणि गरजेनुसार लिंग. सापडेल तो प्रत्येक घटक मॉडेलमध्ये कोंबू नका. दुर्मीळ आजाराच्या केस-कंट्रोल रचनेत आजाराशी जोडलेले जादा घटक घातल्याने पॉवर घटू शकते. एक्स गुणसूत्र वगळू नका, पण त्याचं विश्लेषण स्वतंत्र करा. एमएस स्त्रियांत पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो, त्यामुळे दोन गटांतलं स्त्री-पुरुष प्रमाण वेगळं असेल तर एक्सवर खोटे सिग्नल सहज उगवतात.

चाचणीचे आकडे अपेक्षेपेक्षा किती फुगले त्याचा अंदाज, म्हणजे लॅम्डा, एमएचसीसह आणि एमएचसीविना असा दोनदा काढा. सॅम्पल मोठं असेल तर लॅम्डा थोडा वर असणं हा दोषच असतो असं नाही. जोखीम हजारो जागी विखुरलेली असली की तो वर जातो. अशा वेळी एलडी स्कोअर रिग्रेशनचा इंटरसेप्ट पाहा; विखुरलेली खरी जोखीम आणि खोटा फुगवटा त्यावरून वेगळे करता येतात.

तपासणी: युरोपीय वंशाच्या हजारभर रुग्णांच्या अभ्यासात सहाव्या गुणसूत्रावर एमएचसीचा उंच मनोरा आलेखात दिसलाच नाही, तर आनंदाने बाकीचे सिग्नल वाचत बसू नका. रुग्ण-कंट्रोलची लेबलं विस्कटून भलत्याच सॅम्पलवर गेली आहेत का, ते आधी बघा.

## टप्पा ९: एचएलए वेगळं, आणि सावकाश

एमएचसीमधला एकच वरचा व्हेरियंट घेऊन 'हा डीआरबी१*१५:०१' असं लिहून मोकळं होणं, ही सर्वाधिक दिसणारी चूक. आरएस३१३५३८८ हा व्हेरियंट त्या अलीलचा प्रतिनिधी म्हणून युरोपीय वंशाच्या लोकांत चांगला चालतो. दुसऱ्या वंशपार्श्वभूमीत तो चालेलच याची खात्री नाही. आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांत डीआरबी१*१५:०३ सुद्धा जोखमीशी जोडलेला आढळला आहे. प्रतिनिधी व्हेरियंटवर विसंबलात तर असं काही दिसणारच नाही.

आधी एचएलए अलील इम्प्युट करा, आणि संदर्भ पॅनेल तुमच्या लोकसंख्येला साजेसं निवडा. तुमच्या काही सॅम्पलचं प्रत्यक्ष एचएलए टायपिंग करून अचूकता प्रत्येक अलीलसाठी वेगळी मोजा. सरासरी ९५ टक्के असली तरी एखाद्या दुर्मीळ अलीलची ६० टक्के असू शकते. जुना 'डीआर२' असा नोंदवलेला डेटा नव्याशी जोडू नका. डीआर२ मध्ये डीआर१५ आणि डीआर१६ दोन्ही येतात.

मग पायरी-पायरीने कंडिशनल विश्लेषण. डीआरबी१*१५:०१ मॉडेलमध्ये घाला, उरलेल्यात सगळ्यात वर काय येतं ते पाहा, ते घाला, पुन्हा पाहा. या वाटेने एचएलए-ए*०२:०१ सारखा संरक्षक अलील स्वतंत्रपणे समोर येतो. २०१९ च्या अभ्यासात अशा प्रकारे एमएचसीमध्येच ३२ सिग्नल निघाले. डीआरबी१*१५:०१ आणि डीक्यूबी१*०६:०२ हे युरोपीय लोकांत इतके एकत्र येतात की आकडेवारीने त्यांना वेगळं करता येत नाही. तिथे तसं स्पष्ट लिहा.

## टप्पा १०: स्वतंत्र सॅम्पलमध्ये पुनर्परीक्षण

पुनर्परीक्षणात तोच अलील, तीच दिशा आणि वेगळी माणसं हवीत. दोन्ही संचांत एखादी व्यक्ती दोनदा आलेली नाही ना, हे जिनोटाइपवरूनच तपासा. नावांवरून कळत नाही. पहिल्या शोधात मिळालेला ऑड्स रेशो जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो, म्हणून दुसऱ्या संचाची संख्या मोजताना तो कमी धरा.

कुटुंबातल्या दुर्मीळ व्हेरियंटांबाबत तर दुप्पट सावध राहा. २०१६ मध्ये एनआर१एच३ जनुकातला एक बदल काही कुटुंबांतल्या एमएसचं कारण असल्याचं प्रसिद्ध झालं. नंतर कन्सॉर्शियमने मोठ्या डेटात तो तपासला, तेव्हा या दाव्याला आधार मिळाला नाही. घरातल्या चार-पाच रुग्णांत एखादा बदल सापडणं योगायोगानेही घडतं. नोमॅड या सर्वसाधारण लोकांतल्या व्हेरियंटांच्या डेटाबेसमध्ये त्याची वारंवारता बघा, निरोगी नातेवाईकांत तो किती जणांत आहे ते बघा, आणि हजारो असंबंधित रुग्णांत तो जास्त आहे का हे पाहिल्याशिवाय 'कारण' हा शब्द वापरू नका.

## टप्पा ११: सिग्नलपासून जनुकापर्यंत

सिग्नलच्या सगळ्यात जवळचं जनुक हेच जबाबदार जनुक, असं धरू नका. आधी सूसी किंवा फाइनमॅप ही सॉफ्टवेअर वापरून संभाव्य व्हेरियंटांचा संच काढा, मग ते व्हेरियंट रोगप्रतिकारक पेशींत कोणत्या जनुकाची पातळी बदलतात ते पाहा. रक्तातल्या सगळ्या पेशींची सरसकट सरासरी पुरत नाही. टी-पेशी, बी-पेशी आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

ही वाट शेवटपर्यंत गेली तर काय हाती लागतं, याचं उदाहरण टीएनएफआरएसएफ१ए. त्यातल्या आरएस१८००६९३ या व्हेरियंटमुळे टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरचा एक विरघळणारा प्रकार तयार होतो आणि तो टीएनएफला अडवतो. टीएनएफ अडवणारी औषधं संधिवातात उपयोगी पडतात, पण एमएसमध्ये आजार वाढवू शकतात, हे डॉक्टरांना आधीच ठाऊक होतं. २०१२ मध्ये या दोन धाग्यांची सांगड घातली गेली.

## टप्पा १२: निकाल माणसांपर्यंत नेताना

सहभागी माणसं विचारतात, "माझ्या मुलीला होईल का?" उत्तर ऑड्स रेशोमध्ये देऊ नका. समजा, डीआरबी१*१५:०१ नसलेल्या हजार जणांत आयुष्यभरात दोघांना एमएस होतो. अलीलची एक प्रत असलेल्या हजारांत तो साधारण सहा जणांना होईल. उरलेल्या ९९४ जणांना होणार नाही. 'तिप्पट धोका' हे वाक्य बरोबर असूनही घाबरवतं, आणि हजारांचा हिशेब समजतो. उत्तर युरोपात सुमारे पाव लोकांत हा अलील असतो. त्यातले बहुसंख्य कधीच आजारी पडत नाहीत. पॉलिजेनिक स्कोअरचंही (अनेक व्हेरियंटांची जोखीम एकत्र मोजणाऱ्या आकड्याचं) तेच. शिवाय युरोपीय डेटावर बांधलेला स्कोअर इतर वंशपार्श्वभूमीच्या लोकांत कमी अचूक ठरतो, म्हणून तो कोणाच्याही रिपोर्टवर छापू नका.

संशोधनातल्या चिपवरचा निकाल वैयक्तिक सल्ल्यासाठी वापरायचाच असेल, तर नवं सॅम्पल घेऊन क्लिनिकल प्रयोगशाळेत तो पुन्हा तपासून घ्या आणि जनुकीय समुपदेशकाला सोबत ठेवा. वैयक्तिक निकाल देणार की नाही, हे संमतिपत्रात रक्त घेण्याआधीच लिहिलेलं असलं पाहिजे. आणि सहभागींना तोंडी सांगताना ते वाक्य संमतिपत्रातल्या शब्दांतच सांगा.